येतेच, थांब

परदेशी पोरगी माझ्याकडे राहायला आली की पहिल्याच संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात बसवते आणि विद्यापीठाने दिलेली चकचकीत पुस्तिका तिच्या हातातून काढून घेते. त्या पुस्तिकेत मंदिरांचे फोटो भरपूर, कामाचं काही नाही. मी सांगते: नळाचं पाणी प्यायचं नाही, निळ्या बाटलीतलं प्यायचं. डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही. हेल्मेट न घालता कुणाच्या स्कूटरवर बसलीस तर घरात घेणार नाही. पासपोर्ट व्हिसाच्या कार्यालयात जमा करशील तेव्हा आधी त्याचा फोटो काढून ठेव, कारण तो परत कधी मिळेल ते कार्यालयालाही माहीत नसतं. पहाटेची अजान पहिला आठवडा झोपमोड करेल, मग ऐकूही येणार नाही. तिखट झेपत नसेल तर आधी सांग, खाऊन झाल्यावर रडू नकोस.

मुलींच्या वसतिगृहाची मालकीण म्हणून एवढं सांगणं मला भाग आहे. माझं नाव तिउर्मा. मी दुसऱ्या बेटावरची, मेदानकडची, बाताक जमातीची. आमच्याकडे कुणी 'जेवलास का' म्हणून विचारलं तर पलीकडच्या गल्लीतला माणूसही 'जेवलो' म्हणून ओरडतो. इथे जावा बेटावर, जोगजात, लोक असे बोलतात, जणू शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं बाळ नुकतंच झोपलंय. लग्न करून आले त्याला एक जन्म लोटला, नवरा पायाच्या नखापर्यंत जावाचा, तरी गल्लीत मी अजून 'ती मेदानची'च आहे. भांडखोर म्हणून माझं नाव आहे आणि ते मी राखून आहे.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच पोरीला शिकवत नाही, कारण ती शिकवायची कशी तेच मला उमगलेलं नाही. इथे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. लग्नाला बोलावलं की माणूस हसून 'येतो हं, इन्शाअल्ला' म्हणतो, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून आपण त्याचं पान वाढायचं की नाही ते ठरवायचं. शेजारणीकडे शिडी मागितली तर ती 'हो हो, देते' म्हणते आणि शिडी काही येत नाही, आणि आपण पुन्हा मागायची नसते. यात कुणी कुणाला फसवत नाही. समोरच्याचं मन दुखवायचं नाही, एवढीच सगळ्यांची धडपड असते. इथल्या लेकराला हे आईच्या दुधाबरोबर कळतं.

या सत्रात फिनलंडहून व्हेन्ला आली. उंच, फिकट, अबोल पोरगी. सहा महिने इथे शिकून परत जायची होती. आमची भाषा ती मोडकी बोलायची, पण वाक्य सुतासारखं सरळ. मला इबू म्हणायची, म्हणजे आई, जसं इथे सगळ्याच म्हणतात. "इबू, हे मला आवडलं नाही," असं ती माझ्या भाजीबद्दल तोंडावर सांगायची, आणि खरं सांगते, मला ती त्यासाठीच आवडायची. विद्यापीठ प्रत्येक परदेशी मुलीला इथली एक सोबतीण नेमून देतं. हिची सोबतीण होती अजेंग. तीही माझ्याकडेच राहायची, व्हेन्लाच्या शेजारच्या खोलीत. अजेंग म्हणजे लोण्याचा गोळा. मोठ्या माणसासमोरून जाताना वाकून जायची, आणि रागावलं की हसायची. पोरगी गुणी होती, पण तिच्या तोंडून एकदाही 'नको' ऐकल्याचं मला आठवत नाही.

गुरुवारी मी तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होते आणि दोघी टेबलाशी बसल्या होत्या.

"रविवारी मी दक्षिणेच्या समुद्रावर जाणार आहे," व्हेन्ला म्हणाली. "तिथे एक मोठा खडक आहे. पाणी उतरलेलं असताना चालत जाता येतं. वरून खूप सुंदर दिसतं म्हणे. तू येशील?"

"हो, बघू या," अजेंग हसली. "इन्शाअल्ला."

"हो, की बघू या?"

"हो."

मी झाऱ्याने तेंपे उलटले आणि मनात म्हटलं, ही काही जात नाही. अजेंगच्या आईने तिला लहानपणापासून त्या समुद्राची धास्ती घातलेली, पायसुद्धा भिजवू दिले नव्हते. ते मला माहीत होतं, आणि अजेंगचा तो 'हो' कसला आहे तेही मला कळलं होतं. व्हेन्लालाही कळेल असं मी धरून चालले. नाही कळलं तर अजेंगच काहीतरी सांगेल, असंही वाटलं.

रविवारी उजाडायच्या आत व्हेन्ला निघाली. मी दारापर्यंत गेले. अजेंगच्या खोलीचं दार किलकिलं होऊन आतून आवाज आला, "तू हो पुढे, मी मागाहून येतेच." व्हेन्लाने मान डोलावली आणि गेली.

साडेअकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. अजेंग मदतीला आली. तिने शेंगा हातात घेतल्या, पण दर थोड्या वेळाने तिचा फोन थरथरायचा, ती ओल्या हाताने काहीतरी टाइप करायची आणि फोन पालथा ठेवायची. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते हसू मला बरं दिसलं नाही.

"व्हेन्ला कुठे पोचली?" मी सहज विचारलं.

"समुद्रावर आहे, इबू."

"कुणाबरोबर?"

अजेंग शेंगेकडे बघत म्हणाली, "माझ्याबरोबर."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "अगं, तू तर इथे माझ्यासमोर बसलीयस!"

ती आणखी हसली. मी तिला ओळखत नसते तर थोबाडीत दिली असती. भीतीने आतून गळाठली की ही पोरगी अशीच हसते. मी फोन उचलला. व्हेन्लाचे निरोप एकाखाली एक होते. 'पोचले. तुझी वाट बघते.' त्याखाली अजेंगचं: 'निघालेच.' मग 'मी खडकावर, वर बसले आहे. तू कुठे आहेस?' त्यावर अजेंग: 'वाटेत आहे. तिथेच थांब.' मग 'उन्हं वाढली. परत फिरू का?' आणि त्यावर माझ्या या लाडक्या लोण्याच्या गोळ्याने लिहिलं होतं: 'नको, येतेच, थांब.'

शेवटचा निरोप नुकताच आला होता. त्यात फोटो होता. खडकाच्या कडेवरून खाली बघून काढलेला. खाली पांढरं फेसाळ पाणी, आणि त्याच्या पलीकडे, बरंच लांब, किनारा. फोटोखाली लिहिलं होतं: 'वाट बुडाली. तू नक्की कधी येतेस?'

"अहो!" मी अशी ओरडले की गल्लीतली कोंबडी उडाली.

माझा नवरा वलिदी मागच्या अंगणात पिंजरा साफ करत होता. तो त्या दक्षिणेच्या डोंगरातलाच, त्याचे काका तिथे खडकांवर शेवंडं धरायचे. त्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग काही न बोलता हात धुतले आणि गाडीची किल्ली घेतली. तो काहीतरी बोलला असता तर मला धीर आला असता.

"अहो, बोला ना!"

"त्या खडकाच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये खोल चर आहे," तो म्हणाला. "भरतीचं पाणी वरून आत येताना दिसतं. खालून ते बाहेर खेचतं. उतरली तर..." आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं, कारण तोही जावाचाच.

"तिला पोहता येतं," अजेंग हळूच म्हणाली. "खूप छान पोहते. तिकडे त्यांच्याकडे तळी आहेत."

"तीच तर भीती," वलिदी म्हणाला. "ज्याला पोहता येत नाही तो वर बसून राहतो."

तिघं गाडीत बसलो. मी व्हेन्लाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा उचलला, पण वाऱ्याच्या घोंघाटात काही कळेना. "वरच थांब, उतरू नकोस, आम्ही निघालो!" मी किंचाळत होते. मग डोंगर सुरू झाले आणि फोन मेला. घाटात सिग्नल कधीच नसतो. पुढे दगड भरलेला ट्रक रांगत होता आणि वलिदी त्याच्यामागे शिस्तीत चालला होता.

"काढा ना पुढे!"

"वळण आहे."

"अहो, तिकडे पोरगी पाण्यात उतरेल!"

"आपण दरीत गेलो तर तिला कोण बघणार?" तो म्हणाला. खरंच होतं, आणि म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

मागे अजेंग गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. मी वळून विचारलं, "तू तिला सरळ सांगितलं का नाहीस, की मी येत नाही म्हणून? एक शब्द. एवढा जड होता?"

"तिने इतक्या आनंदाने विचारलं होतं, इबू. मला वाटलं, नंतर सांगू. मग रात्री वाटलं, सकाळी सांगू. सकाळी ती बूट घालून तयार होती." तिचे ओठ अजूनही हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला वाटलं, थोडा वेळ थांबेल आणि समजून परत येईल. इथली कुणीही असती तर समजली असती."

"ती इथली नाहीय!" मी ओरडले. "ती म्हणते दहाला येते, तर दहाला येते. तू म्हणालीस थांब, तर ती मरेपर्यंत थांबेल!"

तोंडातून शब्द गेला आणि तो परत घेता येईना. पुढे समुद्र दिसेपर्यंत मी दर वळणाला सिग्नल आला का ते बघत होते.

किनाऱ्यावर गर्दी जमली होती. रविवार, त्यात शहरातली कुटुंबं, पोरंबाळं, भाजलेली मासळी विकणारे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. चराच्या पलीकडे तो काळा खडक उभा होता. वरती झुडपं, आणि झुडपांच्या कडेला हिरव्या जाकिटातली एक लहानशी आकृती.

"हिरवं घातलंय," माझ्या बाजूची बाई कुजबुजली. "दक्षिणेच्या समुद्राच्या राणीच्या दारात कुणी तिचाच हिरवा रंग घालून जातं का? ओढून नेते ती."

"बाई, तुझी राणी बाजूला ठेव आणि मला पुढे जाऊ दे," मी म्हटलं आणि गर्दीतून घुसले.

लाल सदऱ्यातला जीवरक्षक पाण्याच्या कडेला उभा होता. परमिन त्याचं नाव, मध्यम वयाचा, उन्हाने काळवंडलेला. त्याच्या हातात भोंगा होता आणि भोंग्यातून तो अगदी मऊ आवाजात खडकाकडे सांगत होता, "घाबरू नका, बाई. बोट येतेय. थोड्याच वेळात येतेय."

"कुठाय बोट?" मी विचारलं.

परमिन हसला. "येईल, इन्शाअल्ला."

त्याच्यामागे वाळूवर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या. त्यांच्या सावलीत कोळी बिड्या ओढत बसले होते. एकालाही उठायची घाई दिसत नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं, परमिनकडे बघितलं, आणि माझं डोकं फिरलं.

"या होड्या कधी निघणार?"

"या लाटेत होडी घातली तर खडकावर फुटेल, आई," परमिन हळू आवाजात म्हणाला. "दोरही टाकून पाहिला, पोचत नाही. भरतीचा जोर ओसरला की सहाच्या सुमारास वाट उघडेल. तेव्हा आम्ही स्वतः जाऊन आणू. तोवर वर बसून राहिली तर काही धोका नाही. वरपर्यंत लाट जात नाही."

"मग बोट येतेय असं का सांगतोस तिला?"

"दुपारपासून सांगतोय. तेवढाच धीर. घाबरून काही केलं तर?"

माणूस भला होता. आपलं काम त्याला येत होतं. आणि याच भलेपणाने तो तिला पाण्याकडे ढकलत होता. कारण व्हेन्ला एव्हाना वरून खाली उतरायला लागली होती. झुडपांपासून खालच्या सपाट कातळापर्यंत आली. तिने बूट काढून बाजूला ठेवले. पिशवीचे पट्टे छातीशी आवळून बांधले. घाई नव्हती की रडणं नव्हतं. आमच्याकडे, पाण्याकडे, पुन्हा आमच्याकडे बघत होती. ती अंतर मोजत होती.

माझा फोन वाजला. तिचाच.

"इबू," वाऱ्यातून तिचा आवाज आला, "माझी बॅटरी संपत आली आहे. मला खरं सांग. बोट कधी येणार?"

मी तोंड उघडलं. मी, बाताक बाई, जिच्या तोंडाला गल्ली घाबरते. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं ते हे: "येतेय हं बाळा. आत्ता येईल. तू शांत राहा."

"तू पण," ती पलीकडून म्हणाली.

"व्हेन्ला..."

"सगळे म्हणतात थोड्या वेळात. अजेंग सकाळपासून म्हणते. तो भोंगेवाला दुपारपासून म्हणतो. म्हणजे बोट नाही. कुणी येणार नाही आणि कुणी सांगणार नाही. मग मला स्वतःच ठरवलं पाहिजे. अंतर जास्त नाही. मी पोहून येते."

इतकी वर्षं या लोकांना नावं ठेवली, त्यांच्या गोड बोलण्याची नक्कल करून माहेरच्यांना हसवलं, आणि ऐन वेळी माझ्या तोंडून तेच निघालं. 'नको' म्हणायचं होतं, पण आता मी काहीही म्हटलं असतं तरी तिने कशाला विश्वास ठेवावा?

तेवढ्यात माझ्या हातातून फोन गेला. अजेंगने हिसकावून घेतला होता. मोठ्या माणसाच्या हातातून कागदसुद्धा न ओढणारी पोरगी. फोन कानाला लावून ती पाण्याच्या अगदी कडेला गेली, ज्या पाण्याला तिने जन्मात पाय लावला नव्हता. लाट तिच्या घोट्यांवरून गेली आणि तिला ते कळलंही नाही.

"व्हेन्ला, अजेंग बोलतेय. उतरू नकोस. बोट येणार नाही."

गर्दी पुढे सरकली. सगळ्यांचे कान तिच्याकडे. परमिनने भोंगा खाली घेतला.

"नाही, ऐक. बोट येणार नाही. हा माणूस खोटं बोलतोय. इबू खोटं बोलली. मी तर सकाळपासून खोटं बोलतेय." तिचा आवाज फाटला. "मी वाटेत नव्हते. मी घरी होते. मी शेंगा मोडत होते. मी येणारच नव्हते, व्हेन्ला. गुरुवारी तू विचारलंस तेव्हाच मला यायचं नव्हतं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. अजेंगचा चेहरा मात्र दिसला. त्यावर आता हसू नव्हतं. तिचा तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

"कारण मला समुद्राची भीती वाटते. आणि तुला नाही म्हणायची त्याहून जास्त." ती श्वास घ्यायला थांबली. "तुला वाईट वाटू नये म्हणून. हो. एवढ्याचसाठी. मूर्खपणा आहे, माहितीये मला. आता वाटू दे तुला वाईट. माझं तोंड पुन्हा बघू नकोस. पण पाण्यात उतरायचं नाही. खालून पाणी बाहेर ओढतं. तू कितीही चांगली पोहलीस तरी बाहेर जाशील आणि परत यायची नाहीस. सहापर्यंत कुणीही येणार नाही. मीही येणार नाही. वर जा आणि बस. नाही, व्हेन्ला. नाही म्हणजे नाही!"

शेवटचं ती इतक्या मोठ्याने ओरडली की वाळूवर खेळणारं एक पोर रडायला लागलं. मग तिने फोन कानापासून दूर धरून बघितला. "बंद झाला," ती म्हणाली. "तिचा फोन संपला. इबू, तिने किती ऐकलं?"

मला काय माहीत? खडकावरची ती हिरवी आकृती तशीच काठाशी उभी होती. परमिनने सवयीने भोंगा उचलला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "खरं सांगायचं असेल तर बोल, दादा. नाहीतर ठेव खाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अजेंगकडे. मग भोंगा तोंडाला लावला, आणि या वेळी त्याच्या आवाजात मऊपणा नव्हता. "बोट येणार नाही! सहा वाजता पाणी उतरेल, तेव्हा आम्ही येऊ! त्याआधी नाही! वर जा!"

व्हेन्ला हलली नाही. वलिदीने माझा हात धरला, चार लोकांत, जे त्याने लग्नातही केलं नव्हतं. मग ती वळली. पिशवी पाठीवर सारली आणि हातापायांनी धरत धरत वर चढायला लागली. बूट तिथेच राहिले. ती झुडपांपाशी पोचून खाली बसली, आणि थोड्या वेळाने मोठ्या लाटांचा एक जथा आला. त्यातली तिसरी त्या सपाट कातळावरून अशी धुऊन गेली, जसं कुणी बादलीभर पाणी ओतून ओटा साफ करावा. पाणी ओसरलं तेव्हा कातळ रिकामा होता. बूट गेले होते. अजेंग मटकन ओल्या वाळूत बसली.

मग नुसतं थांबायचं होतं. उन्हं कलली. कुटुंबं एकेक करून घरी गेली. मी अजेंगला नारळाचं पाणी आणून दिलं आणि तिच्याशी काही बोलले नाही, कारण तिला बोलायची माझी लायकी उरली नव्हती. ती खडकाकडे बघत होती, आणि तिकडून ती दुसरी आमच्याकडे. कुणीच हात हलवला नाही.

आभाळ तांबडं झालं तेव्हा चरात पहिला दगड उघडा पडला. परमिन आणि दोन कोळी कमरेला दोर बांधून गेले. छातीएवढ्या पाण्यातून, दोघांच्या मधे धरून, त्यांनी तिला आणलं. अनवाणी, ओठ फुटलेले, तोंड उन्हाने लालभडक. मी चादर घेऊन पुढे झाले, तिने ती अंगावर घेऊ दिली, पण बघत माझ्याकडे नव्हती. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि अजेंगसमोर उभी राहिली.

अजेंग उठली. माफी मागायला वाकली नाही की हसली नाही. नुसती उभी राहिली.

व्हेन्लाने ओली पिशवी उघडली. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुडकं काढलं, केळीच्या पानात बांधलेला भात. पहाटे कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतला असणार. गाठ तशीच होती.

"हा तुझा," ती म्हणाली. "माझा मी सकाळी खाल्ला. हा नाही उघडला. दुपारी खूप भूक लागली होती. पण तू येते म्हणाली होतीस."

परमिनने मान फिरवली. अजेंगने दोन्ही हातांनी पुडकं घेतलं आणि गाठ सोडली. दिवसभराच्या उन्हाने भाताला तार सुटली होती. आंबूस वास माझ्यापर्यंत आला. मला खात्री होती, आता ही पोरगी तो भात खाणार. शेवटच्या शितापर्यंत खाईल, छान आहे म्हणेल आणि रात्रभर ओकेल. इथली कुणीही तेच केलं असतं.

अजेंगने भाताकडे बघितलं, मग व्हेन्लाच्या डोळ्यांत. "आंबलाय," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मी नाही खाणार."

व्हेन्लाने मान डोलावली. आणि मग, दिवसभर त्या खडकावर जी पोरगी एकदाही रडली नव्हती, ती अजेंगच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.